रंग दिला की पुठ्ठ्याचं टेरेन वाकतं: दोष कुठे शोधायचा आणि काय करायचं

टेबलावरच्या खेळात छोट्या बाहुल्यांभोवती, म्हणजे मिनिएचरभोवती, मांडायची पुठ्ठ्याची घरं आणि देखावे म्हणजे टेरेन; ते कापलेल्या तुकड्यांच्या किटमधून जोडतात. असं किटमधलं घर नीट बांधलं, रंगवलं, रात्री टेबलावर सुकत ठेवलं आणि सकाळी पाहावं तर छपराच्या कडा वर आलेल्या. भिंत मधोमध खोलगट, कोपऱ्याचा जोड उघडलेला, पाया टेबलाला नीट टेकत नाही. पुढच्या किटला जास्त काळजी घ्यावी, तरी पुन्हा तेच. हे ज्यांच्या बाबतीत वारंवार घडतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी सलग तीन किटं अशी वाकली. पहिल्या वेळी मला वाटलं, रंगात पाणी जास्त झालं. दुसऱ्या वेळी रंग घट्ट ठेवला. तिसऱ्या वेळी पुठ्ठाच जाड घेतला, दीड मिमीऐवजी दोन मिमी. बाक थोडा कमी झाला, गेला मात्र नाही. उत्तर मिळालं ते त्याच तिसऱ्या किटच्या छपरात. २८ मिमीच्या मिनिएचरसाठीचं दुमजली घर, एका बाजूने पडकं. छपराचे दोन उतार एकाच शीटमधून काढलेले, एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या रंगाने रंगवलेले. एक उतार टोकाला चांगला ६ मिमी उचलला होता आणि दुसरा अगदी सपाट. दोन्ही हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो. फरक एकच होता. सपाट राहिलेल्या उताराची खालची बाजू पडक्या भिंतीतून दिसत होती, म्हणून तिला मी वाशांचा तपकिरी रंग दिला होता. वाकलेल्या उताराची खालची बाजू कोरी होती, कारण ती कुणाला दिसणारच नव्हती.

म्हणजे जो तुकडा सपाट राहिला त्याने जवळपास दुप्पट पाणी प्यायलं होतं. ‘पाणी कमी वापरा’ हा सल्ला सगळेच देतात, पण तो अर्धाच आहे. पुठ्ठा एका अंगाने भिजतो आणि सुकतो, दुसरं अंग कोरं राहतं, त्याने तो वाकतो. हे एकदा कळलं की पुढचे बहुतेक उपाय आपोआप सुचतात.

पुठ्ठ्याच्या आत काय घडतं

पुठ्ठा म्हणजे लाकडाच्या किंवा जुन्या कागदाच्या तंतूंचे दाबून सुकवलेले थर. तंतूला पाणी मिळालं की तो जाड होतो, लांबीत मात्र फारसा वाढत नाही. भिजलेलं अंग पसरतं, कोरडं अंग आहे तिथेच राहतं आणि तुकडा भिजलेल्या बाजूने फुगीर होतो. रंग ओला असताना दिसतो तो हा पहिला बाक. तो बघून घाबरून लगेच उलटा वाकवायला जाऊ नका, तंतू ओले असताना घडी पडते आणि ती कायमची राहते.

खरा त्रास सुकताना होतो. पसरू पाहणाऱ्या तंतूंना मागचा कोरडा थर आवळून धरतो. ते दबतात आणि सुकल्यावर मूळ मापापेक्षा किंचित आखूड होतात. त्यावर ॲक्रिलिक रंगाचा किंवा पांढऱ्या गोंदाचा पापुद्रा असतो, तोही सुकताना आकसतो. दोन्ही ओढी एकाच बाजूला पडतात. सकाळपर्यंत बाक उलटलेला असतो, तुकडा रंगाच्या बाजूने खोलगट झालेला असतो आणि हा बाक आपणहून जात नाही.

पुस्तकबांधणी करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कव्हरच्या पुठ्ठ्यावर बाहेरून कापड किंवा कागद चिकटवला की पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. आतून कागद चिकटवला की ती ओढ फिटते. प्लायवुडचे थरही ३, ५, ७ असे विषम असतात ते यासाठीच, मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी ओढ राहावी म्हणून. आपण मात्र घराची दिसणारी बाजू सजवतो आणि न दिसणारी तशीच सोडतो.

आधी निदान: तीन प्रश्न

वाकलेला तुकडा दुरुस्त करायला घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. कधी वाकला, कुठल्या बाजूला वाकला आणि कुठल्या रेषेवर वाकला.

कधी वाकला, याचं उत्तर ‘रंग ओला असतानाच’ असेल तर थांबा. सपाट जागेवर ठेवून पूर्ण सुकू द्या आणि मग ठरवा. ‘सुकल्यावर, दुसऱ्या दिवशी’ असेल तर वर सांगितलेली एकतर्फी ओढ. ‘सगळं ठीक होतं, दोन-तीन महिन्यांनी वाकलं’ असं असेल तर रंगाला दोष देऊ नका. आतली कोरी बाजू हवेतली ओल पिते आणि सोडते, बाहेरच्या रंगवलेल्या बाजूला ते जमत नाही. हवा दमट झाली की एकीकडे वाकणार, कोरडी झाली की दुसरीकडे.

कुठल्या बाजूला, हे स्टीलची पट्टी लावून पाहा, डोळ्यांवर विसंबू नका. रंगाकडे खोलगट असेल तर रंगाची ओढ जास्त आहे. रंगाकडे फुगीर असेल आणि सगळं पूर्ण सुकलेलं असेल, तर दोषी बहुधा आतला गोंद असतो. आत मजला किंवा दुसरा थर चिकटवताना पांढरा गोंद भरपूर फासलेला असतो, तो सुकताना आत ओढतो. पांढऱ्या गोंदात जवळपास निम्मं पाणीच असतं हे आपण विसरतो. रंग पातळ करताना आपण थेंब मोजतो आणि गोंद मात्र ब्रशभर लावतो.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. बाक सरळ नळीसारखा असेल तर पुठ्ठ्याच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतू झोपलेल्या दिशेने पडला आहे. तिरपा असेल, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली, तर त्याला पीळ पडला आहे. त्याची कारणं वेगळी: तुकडा शीटमधून तिरपा कापलेला, किंवा दोन थर चिकटवताना त्यांच्या ग्रेनच्या दिशा जुळलेल्या नाहीत, किंवा एक कोपरा गोंदाविना राहिला. पीळ काढणं बाक काढण्यापेक्षा बरंच अवघड जातं, म्हणून तो पडूच न देणं महत्त्वाचं.

ग्रेन कशी ओळखायची

कागद यंत्रावर तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या चालण्याच्या दिशेने झोपतात. ही झाली ग्रेन. तंतू जाडीत फुगतात, म्हणून पुठ्ठा ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि आकसतो.

तुकडा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाहा, मग नव्वद अंशात फिरवून पुन्हा वाकवा. जिकडे सहज वाकतो तिकडे बाकाची रेषा ग्रेनला समांतर असते. दोन मिमीच्या ग्रेबोर्डमध्ये, म्हणजे करड्या जाड पुठ्ठ्यात, हाताला फरक कळत नसेल तर किटच्या उरलेल्या चौकटीतून ४–५ सेंमीचा चौरस कापा, त्यावर पेन्सिलीने शीटची उभी दिशा लिहा आणि एकाच बाजूला ओला स्पंज फिरवा. जाड पुठ्ठ्याला थोडा वेळ द्यावा लागतो. थोड्या वेळाने तो नळीसारखा वळू लागेल. त्या नळीचा अक्ष म्हणजे ग्रेन.

याचा उपयोग असा. स्वतः कापणार असाल तर लांबट भिंतीची लांबी ग्रेनच्या दिशेने ठेवा. बाक मग उंचीच्या दिशेने पडतो, म्हणजे ५–६ सेंमीत, आणि ३० सेंमी लांबीची धार सरळ राहते. तयार किटमध्ये दिशा आपल्या हातात नसते, पण कुठला तुकडा दगा देणार हे आधीच कळतं आणि तिथे आधार देता येतो.

दोन थर एकमेकांना चिकटवणार असाल तर दोन्हींची ग्रेन एकाच दिशेला ठेवा. ‘आडवेउभे ठेवले की मजबूत होतात’ असं ऐकून मी दोन थर आडवेउभे चिकटवले आणि घोड्याच्या खोगिरासारखा तुकडा हाती आला. आडवंउभं करायचं तर तीन थर हवेत, मधला आडवा, बाहेरचे दोन एका दिशेने. थर पूर्ण चिकटले तर जाडी दुप्पट झाल्यावर वाकायला होणारा विरोध आठपट होतो. मधे नुसते गोंदाचे ठिपके असतील आणि थर एकमेकांवर सरकू शकत असतील, तर फायदा जेमतेम दुपटीचा. म्हणून गोंद पातळ पण पूर्ण पृष्ठभागावर, जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढून लावायचा आणि वजनाखाली २४ तास ठेवायचं. थर जोडायला मी आता पांढरा गोंद टाळतो. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह किंवा दुहेरी टेप वापरतो, पाण्याचा प्रश्नच येत नाही. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हला मात्र दुसरी संधी नसते, टेकवलं की चिकटलं, तेव्हा कड आधी जुळवूनच खाली सोडायचं.

नवीन किट उघडल्यावर

तुकडे चौकटीतून सुटे करायची घाई करू नका. शीट अखंड आहे तोवर दोन्ही बाजूंना अस्तर, म्हणजे रंगाआधी ओल अडवणारा थर, देणं सर्वांत सोपं असतं, आणि एवढ्या एका कामाने माझा बहुतेक त्रास संपला.

अस्तर पाण्याचं नसलेलं बरं. स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश मला सर्वांत जास्त आवडतं. स्पिरिटने तंतू पाण्याइतके फुगत नाहीत, ते पटकन उडून जातं आणि लाख पुठ्ठ्यात मुरून ओल अडवते. पातळ दोन हात, दोन्ही बाजूंना, मधे अर्धा-एक तास. स्प्रे कॅनमधला प्रायमरही चालतो. इथे एक गोंधळ नेहमी होतो. कॅनवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असतं म्हणून लोक तो पाण्याचा समजतात. कॅनमधले बहुतेक ॲक्रिलिक स्प्रे सॉल्व्हंटमध्ये असतात आणि ब्रशने लावायचा बाटलीतला ॲक्रिलिक पाण्यात असतो. लेबलवर ज्वालाग्राही असल्याची खूण आहे का आणि ब्रश कशाने धुवायला सांगितलाय ते पाहा. स्प्रे २० ते ३० सेंमी अंतरावरून, मोकळ्या हवेत, तोंडावर मास्क लावून. हवा फार दमट असेल त्या दिवशी स्प्रे करू नका, थर पांढुरका पडतो.

पांढरा गोंद पाण्यात पातळ करून अस्तर म्हणून लावायला अनेक जण सांगतात. एका बाजूला लावलात तर जो त्रास टाळायचा तोच आधी ओढवून घ्याल. दुसरं काही मिळतच नसेल तर पाणी न घालता, पातळ ओढून, दोन्ही बाजूंना एकामागोमाग लावा आणि शीट दोरीवर चिमट्याने उभी टांगून सुकवा. टेबलावर पडलेल्या शीटची खालची बाजू सुकायला उशीर होतो आणि पुन्हा असमतोल येतो.

अस्तराची एक अडचण आहे. गोंद कोऱ्या पुठ्ठ्यात मुरतो म्हणून घट्ट धरतो, अस्तरावर तो तसा धरत नाही. शिवाय प्रत्येक हाताने जाडी किंचित वाढते आणि खाचेत बसणारी जीभ आवळते. म्हणून अस्तराआधी जिभांवर आणि जोडाच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावतो. खाच तरीही घट्ट वाटली तर जीभ ठोकून बसवू नका. नखं घासायच्या पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या आत दोनदा फिरवा. ठोकून बसवलेल्या जिभेचेच पापुद्रे पुढे सुटतात.

मग कडा. कापलेली कड म्हणजे तंतूंची उघडी तोंडं, पाणी सर्वांत जास्त तिथूनच आत शिरतं. रंगाचा ब्रश टेकला की कड फुगते आणि तिला लव येते. पातळ सुपरग्लू कडेवर थेंबाथेंबाने सोडा, तो आत ओढला जातो आणि कड प्लास्टिकसारखी कडक होते. सुकल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. सुपरग्लू पसरायला कापसाचा बोळा किंवा सुती कापड कधीही घेऊ नका. कापसावर तो झपाट्याने तापतो, धूर येतो, बोट भाजू शकतं. लाकडी टूथपिक घ्या, खिडकी उघडी ठेवा.

जोडणी आधी गोंदाशिवाय एकदा पूर्ण करून पाहा. मग थोडाथोडा गोंद टूथपिकने, कोपऱ्यांना लाकडी चिमटे आणि आतून गुण्या. आतल्या बाजूने प्रत्येक कोपऱ्यात पुठ्ठ्याचा छोटा काटकोन त्रिकोण बसवा. लांब भिंतीला आतून १० मिमी रुंदीची पट्टी उभ्या धारेवर चिकटवा. आडवी चिकटवलेली पट्टी फारसं काही करत नाही, उभी धारच बाक रोखते. मजले निघणारे असतील तर पट्टी मजल्याच्या टेकूचंही काम करते.

घर पूर्ण बंद असेल तर तळाला ८–१० मिमीचं एक भोक ठेवा. आतल्या गोंदाची ओल बाहेर पडायला वाट लागते.

रंग

अस्तर नीट झालं असेल तर इथे फार सांभाळावं लागत नाही. पातळ हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. स्पंजने टिपलेला रंग आणि ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने घासलेला रंग, यांत पाणी नगण्य असतं, दगडी भिंत आणि कौलं यांना ते पुरतं. हेअर ड्रायर लावायचा मोह आवरा. एक बाजू झपाट्याने सुकते आणि मागची ओलसर राहते.

सर्वांत घातक वॉश. ओंजळभर पातळ रंग भिंतीवर ओतून खोबणीत साचू द्यायचा, प्लास्टिकवर ठीक आहे, पुठ्ठ्यावर नाही. खोबण म्हणजे पुठ्ठ्याला कोरलेली जखम, अस्तर तिथेच सर्वांत विरळ असतं. वॉश हवाच असेल तर रंगावर स्प्रे वार्निशचा एक हात देऊन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑइल रंग वापरा. पाण्याचा संबंध नाही आणि जास्त झालेला रंग अर्ध्या तासाने स्पंजने पुसता येतो. पुढच्या कामाआधी किमान एक दिवस थांबा. मला तर भिंतींवर कोरडं पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, घासून मुरवणंच जास्त आवडतं, चुन्याच्या भिंतीवरची धूळ त्याने जशी येते तशी वॉशने येत नाही.

न दिसणाऱ्या बाजूला तितकेच हात द्या. रंग तोच हवा असं नाही, उरलेला, मिसळलेला कुठलाही चालेल. थरांची संख्या आणि ओलेपणा साधारण सारखा असला की झालं. छपराची आतली बाजू, दरवाजाचं पाठचं अंग, जिन्याचा तळ, सगळं यात आलं.

पाया हा वेगळा विषय

सर्वांत जास्त तक्रारी पायाच्याच असतात आणि त्यात नवल नाही. पायाच्या वरच्या बाजूला आपण काय काय करतो पाहा: पांढरा गोंद जाडसर फासतो, त्यात वाळू दाबतो, वर पातळ गोंदाचा आणखी एक हात देतो, मग रंग, मग वॉश, मग गवत बसवायला पुन्हा गोंद. खालची बाजू कोरी. याहून एकतर्फी ओढ दुसरी कुठली असेल?

शक्य असेल तिथे पाया पुठ्ठ्याचा ठेवूच नका, ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घ्या. एमडीएफही वाकतं, पण बरंच कमी. किटचा पाया पुठ्ठ्याचाच असेल तर वर वाळू बसवायच्या आधी खालच्या बाजूला गोंदाचा तितकाच जाड थर द्या. काही जण खाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गोंदाची फुली काढतात. काहीच न करण्यापेक्षा ती बरी, पण पूर्ण थराची सर तिला नाही. वाळू एकाच दिवशी सगळीकडे बसवू नका. तळहाताएवढा भाग, तो सुकला की पुढचा. कडेला ४५ अंशात उतार कापणार असाल तर तो अस्तराआधी कापा, नाहीतर ताजी कापलेली कड पुन्हा कोरी राहते.

बसवलेलं घर आणि पाया कायमचे चिकटवायचे असतील तर दोन्ही सपाट आहेत याची आधी खात्री करा. ‘घर चिकटलं की पाया सरळ होईल’ असं मी एकदा धरून चाललो. घराच्या चारही भिंतींचे जोड तळाशी उघडले.

आधीच वाकलेलं सरळ करायचं असेल तर

सुटा तुकडा असेल तर आशा भरपूर आहे. रंगाच्या बाजूने खोलगट झालाय असं धरू. मागच्या कोऱ्या बाजूला ओलसर स्पंज एकसारखा फिरवा, चिंब नको. पहिल्या काही मिनिटांत बाक वाढेल. इथेच बरेच जण उपाय चुकला असं समजून सोडून देतात. वाढतो कारण मागची बाजू आत्ता पसरते आहे. सुकताना ती आकसेल आणि रंगाच्या ओढीला उलटी ओढ देईल. आपल्याला ते आकसणं सपाट अवस्थेत घडवून आणायचंय.

रंगाच्या बाजूला बटर पेपर, मागच्या बाजूला टिपकागद किंवा कोरा शोषक कागद, वर-खाली सपाट फळ्या आणि त्यावर जाड पुस्तकांचा ढीग. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबलंत तर ओल बाहेर जायला जागाच उरत नाही, दोन दिवसांनीही तुकडा ओला निघतो. टिपकागद तासाभराने एकदा बदला, मग २४ तास हात लावू नका. दोन थरांचा तुकडा असेल तर ४८. बाहेर काढल्यावर लगेच मागच्या बाजूला अस्तर आणि रंग द्या आणि तेही सुकताना वजन ठेवा, नाहीतर आठवड्याभरात बाक परत येईल. पहिल्या खेपेला पूर्ण सरळ झाला नाही तर हेच दुसऱ्यांदा करा. तिसऱ्या खेपेनंतर मी नाद सोडतो, कारण तोवर पापुद्रे सुटायला लागतात.

जोडलेल्या घराची भिंत अशी दाबता येत नाही. तिथे ताकदीने सरळ करून आधाराने धरून ठेवावं लागतं. बाहेरून स्टीलची पट्टी किंवा सरळ लाकडी पट्टी भिंतीला क्लॅम्पने आवळा, भिंत सरळ झाली की आतून दोन मिमीच्या पुठ्ठ्याची उभी पट्टी सुपरग्लू जेलने चिकटवा. पांढरा गोंद नको, तो पुन्हा आत ओढेल. पट्टीची ग्रेन तिच्या लांबीच्या दिशेने असू द्या. तासाभराने क्लॅम्प काढा. छपरालाही हेच, फक्त उताराला दोन-तीन कैच्या कापून बसवा, खऱ्या घराच्या छपराला असतात तशा त्रिकोणी.

वाफ देऊन सरळ करायचा प्रयत्न करू नका, थरांमधला गोंद सुटतो. इस्त्रीही नको, ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ होऊन कापडाला चिकटतो.

कोपऱ्यात पापुद्रे सुटले असतील तर टूथपिकने आत गोंद सरकवा, बटर पेपर ठेवून चिमटा लावा. तुटलेल्या जिभेवर वेळ घालवू नका. ती साफ कापून टाका आणि आतून कोपऱ्याला त्रिकोण द्या, जोड आधीपेक्षा मजबूत होतो.

फोमबोर्ड आणि छापील किट

फोमबोर्डच्या दोन्ही बाजूंना कागद असतो म्हणून तो मुळात समतोल असतो. दगड कोरण्यासाठी एका बाजूचा कागद सोलला की तो समतोल आपणच मोडतो. सोलायचा तर दोन्ही बाजूंचा सोला, किंवा आतून घट्ट आधार देऊन मगच रंगवा. आणि सॉल्व्हंटचा स्प्रे त्यावर थेट मारू नका, पॉलिस्टायरीनचा फोम त्याने विरघळतो. उघड्या फोमला आधी पांढऱ्या गोंदाचा किंवा ॲक्रिलिक रंगाचा पूर्ण हात हवा. इथे पाण्याचं अस्तर योग्य, कारण फोम पाणी पीत नाही.

छापील कागद घरी पुठ्ठ्यावर चिकटवून घरं बनवणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. पातळ कागद ओल्या गोंदाने पसरतो, पसरलेल्या अवस्थेत चिकटतो आणि सुकताना सगळा पुठ्ठा स्वतःकडे ओढतो. पाठीमागे त्याच वजनाचा कोरा कागद, त्याच गोंदाने, त्याच दिवशी चिकटवा. इंकजेटवर छापलेलं असेल तर शाई पाण्याने पसरू शकते, तेव्हा चिकटवण्याआधी मॅट वार्निशचा स्प्रे द्या. पांढऱ्या दिसणाऱ्या कडा रंगवताना ओला ब्रश टाळून फेल्ट पेन वापरा.

किट सुरू करण्यापूर्वी एक चाचणी मात्र प्रत्येक नव्या पुठ्ठ्यावर करतो, कारण दोन किटमधला पुठ्ठा सारखा नसतो. उरलेल्या चौकटीतून ५ सेंमीचे चार चौरस. एकाला एका बाजूला रंग, दुसऱ्याला दोन्ही बाजूंना रंग, तिसऱ्याला एका बाजूला अस्तर आणि त्यावर रंग, चौथ्याला दोन्ही बाजूंना अस्तर आणि एका बाजूला रंग. मागे पेन्सिलीने क्रमांक टाकून रात्रभर काचेवर ठेवतो आणि सकाळी कोपरे किती मिमी उचललेत ते मोजतो. चौथा सपाट असेल तर आतल्या न दिसणाऱ्या बाजूंचं रंगकाम वाचतं. तोही उचलला असेल तर त्या किटला दोन्हीकडे रंग, आत उभ्या पट्ट्या आणि पायाला एमडीएफ, यातलं काहीच सोडत नाही.